स्वतःला उचलता येईल एवढेच सामान

प्रश्न : मी ६७ वर्षांची, मिरजेला राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सहा आठवड्यांसाठी म्युनिकला मुलीकडे जाणार आहे. त्यातले बारा दिवस आम्ही दोघी रेल्वेने स्वित्झर्लंडमधले इंटरलाकेन आणि इटलीतले व्हेनिस व रोम इथे जाणार आहोत. मागच्या खेपेला मी २३-२३ किलोंच्या दोन बॅगा नेल्या होत्या. फलाट बदलताना सरकता जिना बंद निघाला, मुलीला जिन्यावरून दोन फेऱ्या कराव्या लागल्या, गाडी चुकली आणि माझा गुडघा आठ दिवस सुजून राहिला. या वेळी बारा दिवसांसाठी आठ किलोंच्या आतली एकच बॅग, अशी अट मुलीने घातली आहे. माझा सगळा जन्म साडीत गेला. रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. शिवाय मुलीसाठी खाऊ न्यायचा आहे आणि नणंदेने फ्रँकफर्टच्या तिच्या मुलासाठी तीन किलोंचे पुडके तयार ठेवले आहे. हे सगळे आठ किलोंत कसे बसवू?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

हे सगळे आठ किलोंत बसणार नाही आणि बसवूही नये. मात्र तुमच्या मुलीने सांगितलेला आकडा अगदी योग्य आहे. तिकिटावर २३ किलो लिहिलेले असतात तेव्हा विमानाच्या पोटात तेवढे वजन चालते, एवढाच त्याचा अर्थ असतो, पण आपण ते आपला हक्क समजून शेवटच्या पावशेरापर्यंत वापरतो. तुमच्या गुडघ्याला किती चालते, हे त्या तिकिटावर लिहिलेले नसते. युरोपातल्या बहुतेक स्थानकांवर हमाल मिळत नाहीत, गाडी बदलायला कधी कधी सात-आठ मिनिटेच असतात आणि जुन्या घरांतून केलेल्या राहण्याच्या जागांना उद्वाहन असेलच असे नाही. म्हणून माप एकच धरा : एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात बॅग घेऊन, कोणाचीही मदत न घेता तुम्हाला एक मजला चढता आला पाहिजे. आपल्या वयाच्या आणि गुडघे कुरकुरणाऱ्या बहुतेक बायकांचे हे माप सहा ते आठ किलोंच्या दरम्यान येते.

आता पहिले काम म्हणजे दोन प्रवास मनातल्या मनात वेगळे करणे. मिरजेहून म्युनिकला जाणे हा एक प्रवास आहे. त्यात मोठी बॅग विमानतळावर सोपवली की थेट म्युनिकलाच हातात येते, मुलगी घ्यायला येते, घरी कपडे धुण्याचे यंत्र आहे आणि काही राहिलेच तर बाजार जवळ आहे. बारा दिवसांची रेल्वेची भटकंती हा दुसरा प्रवास आहे. तुमच्या मुलीची अट या दुसऱ्या प्रवासापुरतीच आहे. पहिल्या प्रवासात एक मोठी बॅग न्या, पण एकच न्या आणि तीही १५-१६ किलोंवर थांबवा. भटकंतीची लहान बॅग विमानात स्वतःजवळ ठेवायची. बहुतेक विमान कंपन्या जवळच्या बॅगेला सात किंवा आठ किलोंची मर्यादा घालतात, त्यामुळे तुमचा सराव निघण्याच्या दिवसापासूनच सुरू होईल.

बॅग निवडताना रिकाम्या बॅगेचे वजन आधी करा. दुकानात भक्कम आणि देखणी दिसणारी लहान बॅग रिकामीच तीन-साडेतीन किलोंची असते, म्हणजे आठ किलोंतला जवळजवळ निम्मा हिस्सा आत काही ठेवण्याआधीच खर्च झालेला असतो. दोन किलोंच्या आसपासची कापडी बॅग मिळते, ती घ्या. चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर छान पळते, पण रोमच्या जुन्या भागातल्या दगडी फरसबंदीवर तिची लहान चाके अडकतात आणि गाडीत ती जागची हलत राहते. तुमच्या मार्गाला दोन मोठ्या चाकांची बॅग अधिक सोयीची पडेल.

व्हेनिसविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः शिकले. त्या गावात मोटारी नाहीत, कालवे आहेत आणि कालव्यांवर चारशेहून अधिक पूल आहेत, ज्यांतल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते आणि माझी बॅग एकवीस किलोंची होती. स्थानकापासून उतरण्याच्या जागेपर्यंत चार पूल होते. पहिल्या पुलावर मी बॅग एकेक पायरी ओढत वर नेली, प्रत्येक पायरीवर चाक आपटत होते आणि मागून येणारी माणसे थांबून वाट देत होती. दुसऱ्या पुलावर एका तरुण मुलाने काही न विचारता बॅग उचलली आणि पलीकडे ठेवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आले ते केवळ कृतज्ञतेचे नव्हते. रात्री बॅग उघडली तेव्हा तिच्यात पाच दिवसांसाठी नऊ पोशाख, दोन साड्या, इस्त्री आणि एक न उघडलेली चिवड्याची पिशवी होती. तुम्ही व्हेनिसमध्ये राहणारच असाल तर स्थानकाजवळ राहा, किंवा मेस्त्रे या मुख्य भूमीवरच्या भागात राहा, जिथून गाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येते आणि बॅग घेऊन एकही पूल ओलांडावा लागत नाही.

आता साडीचा प्रश्न. साडी सोडा असे मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. जन्मभर ज्या वस्त्रात आपण वर्गात उभ्या राहिलो, ज्यात आपले चालणे-बसणे घडले, ते केवळ परदेशात जायचे म्हणून उतरवून ठेवावे, असे मला वाटत नाही. पण कोणती साडी आणि तिच्यासोबत काय, हे मात्र काट्यावर ठरवा. स्वयंपाकघरातला काटा काढा आणि एकेक वस्तू ठेवून पाहा. जॉर्जेटची किंवा क्रेपची साडी साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरते, खळ दिलेली सुती साडी त्याहून जड असते आणि जरीच्या पैठणीचे वजन तर सहज त्याच्या दुप्पट होते. खरे वजन लपलेले असते ते जाड सुती परकरात. तो जड असतोच, शिवाय धुतला तर नेफ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओला राहतो. त्याऐवजी सॅटिनचा पातळ परकर घ्या, तो रात्रीत वाळतो.

बारा दिवसांसाठी माझा हिशेब असा आहे : अंगावरच्या जोडाखेरीज दोन कुर्ते, एक सैल विजार, एक जॉर्जेटची साडी आणि तिच्यासोबत एक परकर व दोन ब्लाउज. साडी संध्याकाळी जवळपास फिरताना किंवा जेवायला जाताना नेसा. गाडीत चढण्या-उतरण्याच्या आणि पूल ओलांडण्याच्या दिवशी मात्र कुर्ता-विजारच असू द्या, कारण एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कठडा असताना निऱ्या सावरायला तिसरा हात नसतो. हे अडखळून पडण्याच्या भीतीने सांगते आहे, फॅशनसाठी नव्हे. कुर्ते बाह्यांचे आणि गुडघ्याखाली येणारे असावेत. रोमला व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, तेव्हा त्यासाठी निराळा पोशाख न्यावा लागणार नाही. एकमेकांवर चालतील असेच रंग निवडा. एका कुर्त्यावर एकच विजार जात असेल, तर ती जोडी घरी ठेवा.

एवढ्या कपड्यांत बारा दिवस काढायचे म्हणजे हाताने धुणे आले, आणि ते आपल्याला काही नवे नाही. संध्याकाळी आल्यावर अंगावरचा कुर्ता धुवायचा, पिळायचा आणि मग खोलीतला कोरडा टॉवेल पलंगावर पसरून त्यावर कुर्ता ठेवून दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची. ती गुंडाळी दोन मिनिटे हातांनी जोर देऊन दाबली की टॉवेल बरेच पाणी शोषून घेतो आणि कुर्ता सकाळपर्यंत वाळतो. जूनमध्ये तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो, याचाही उपयोग होतो. त्यासाठी सुती आणि कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाचे कापड निवडा. निव्वळ जाड सुती कापड तिकडे लवकर वाळत नाही. सोबत दोन-तीन मीटर नायलॉनची दोरी आणि चार चिमटे घ्या, त्यांचे वजन नगण्य असते.

थंडीचा विचार करताना आपल्या मनात एकदम काश्मीर उभे राहते आणि बॅगेत लोकरीचा ढीग जातो. तुमच्या मार्गावर तीन हवामाने आहेत. रोमला जूनमध्ये पारा तीसच्या आसपास जातो. इंटरलाकेनला दिवसा वीस-बावीस अंश असले तरी पहाटे दहा-बारा असतात आणि पाऊस केव्हाही येतो. तिथून युंगफ्राउयोखला जाणार असाल तर ते ठिकाण ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि तिथे भर उन्हाळ्यातही बर्फ असते. या तिन्हींसाठी एकच जाड स्वेटर उपयोगाचा नाही. अंगालगत घालायचा पातळ उबदार जोड, त्यावर कुर्ता, त्यावर पिसांसारखे भरण असलेले तीनशे-चारशे ग्रॅमचे जाकीट आणि सर्वांत वर टोपी असलेला पातळ रेनकोट, असे थर करा. एवढ्यात बर्फावरचा तासभरही निघतो. छत्री नको, कारण ती पुन्हा एक हात अडवते. तुम्हाला रक्तदाब आहे, तेव्हा इतक्या उंचीवर जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा आणि त्यांनी नको म्हटले तर मुलीचे पैसे वाया जातील म्हणून मन मोडून चढू नका.

पादत्राणे दोनच. एक बूट पायात आणि एक हलकी, मागे पट्टा असलेली चप्पल बॅगेत. बूट आजच विकत घ्या आणि निघेपर्यंत रोज सकाळी फिरायला तेच घाला. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालण्याची चूक अनेकजणी करतात आणि तिसऱ्या दिवशी टाचेला फोड घेऊन खोलीत बसतात. बूट आणि जाकीट या जड किंवा जागा अडवणाऱ्या वस्तू आहेत, म्हणून प्रत्येक प्रवासाच्या दिवशी त्या अंगावरच ठेवा.

औषधांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. साड्या कमी झाल्या तर काही बिघडत नाही, गोळ्या कमी पडल्या तर बिघडते. जर्मनीत आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून गोळ्या सहज मिळतील असे धरून चालू नका. सहा आठवड्यांच्या गोळ्या आणि वर आठवडाभराच्या जादा गोळ्या न्या. पुठ्ठ्याची खोकी घरी ठेवा, पण गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका, कारण पट्टीवर नाव आणि मुदत असते. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तिच्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. सगळी औषधे विमानात स्वतःजवळच्या बॅगेत असावीत. मोठी बॅग एखादवेळी दोन दिवस उशिरा पोहोचते. बारा दिवसांच्या भटकंतीला चौदा-पंधरा दिवसांच्या गोळ्या न्या आणि उरलेल्या म्युनिकला ठेवा. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. थायरॉइडची गोळी तिथल्या सकाळी उपाशीपोटी घेता येईल, पण मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रवासाच्या दिवशीचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. चष्म्याची जादा जोडी आणि गुडघ्याचा पट्टा यांना बॅगेत पहिला मान द्या.

बाकी किरकोळ सामान पटकन सांगते. विमानात जवळ ठेवायचे द्रव पदार्थ प्रत्येकी १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटलीत आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. खोबरेल तेल आणि शाम्पूच्या लहान बाटल्या भरा म्हणजे त्याच पुढे भटकंतीलाही चालतील. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती स्वतःजवळच ठेवण्याचा नियम आहे. म्युनिकला पोहोचल्यावर मुलीचाच चार्जर दोघींत वापरा. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली जवळ असू द्या. रोममध्ये रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, त्यामुळे पाणी विकत घेऊन वाहण्याची गरज पडत नाही. दागिन्यांत मंगळसूत्र आणि अंगावरच्या रोजच्या बांगड्या पुरे. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या कागदांच्या छायाप्रती वेगळ्या कप्प्यात ठेवा.

गाडीत चढल्यावर बॅग डोक्यावरच्या फळीवर चढवण्याचा अट्टहास करू नका. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत जिथे दोन आसनांच्या पाठी एकमेकींना लागतात, तिथे खाली त्रिकोणी जागा असते, तीत लहान बॅग नीट सरकते. विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असेल तर किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. त्यात कमीपणा मानू नका. म्युनिकच्या किंवा मुंबईच्या विमानतळावरचे चालणे तुमच्या गुडघ्याने अजिबात सोसू नये.

आता खाऊ. हा भाग मोठ्या बॅगेचा आहे आणि मला ठाऊक आहे की तुमच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. लेकीसाठी काहीही नेऊ नका असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. पण युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे, म्हणजे घरचे तूप, खवा, पेढे, चक्का यांतले काहीही नेऊ नका. ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना त्यातून सूट आहे, म्हणून जूनमधले शेवटचे हापूस आणि कढीपत्त्याची जुडी इथेच राहू द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेण्याजोग्या मानल्या जातात आणि विमानतळावर काढून ठेवायला सांगतात. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस चिमूटभरही घेऊ नका, तिथे तिच्यावर कडक बंदी आहे. यानंतर उरते ते पुष्कळ आहे : मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, मिरजेकडची कांदा-लसणाची चटणी, आमसुले, पोह्याचे पापड. डाळी, तांदूळ आणि पोहे म्युनिकमधल्या भारतीय दुकानांत मिळतात, ते वाहू नका. तिथे जे विकत मिळत नाही आणि तुमच्या हातचे आहे, तेवढेच न्या. मुलीला फोन करून तिला खरोखर काय हवे आहे ते विचारा. बहुधा ती दोन किंवा तीनच नावे सांगेल.

बॅग भरण्याची तालीम निघण्याच्या आदल्या रात्री करू नका, आठ दिवस आधी करा. सगळे भरा, काट्यावर ठेवा आणि मग ती बॅग घेऊन घराबाहेर पडा. वाटेत एखादा जिना लागेल असे पाहा आणि वीस मिनिटे चाला. परत आल्यावर बॅग उघडून प्रत्येक वस्तू हातात घ्या. जिच्याबद्दल मनात ‘असू दे, लागली तर’ असे येईल, ती बाजूला काढा. ‘लागणारच’ असे वाटेल, ती आत ठेवा. पहिल्या तालमीत दीड-दोन किलो सहज निघतात असा माझा अनुभव आहे.

राहिला प्रश्न नणंदेच्या पुडक्याचा. तीन किलोंचे बांधलेले पुडके जसेच्या तसे घेऊ नका. विमानतळावर बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का, असे विचारले जाऊ शकते आणि आत काय आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. शिवाय फ्रँकफर्ट म्युनिकपासून गाडीने तीन तासांहून अधिक दूर आहे, तेव्हा ते तिथवर पोहोचवण्याचे काम तुमच्या मुलीवर पडेल. नकार सांगताना सबबी देऊ नका, खरे कारण सांगा. ‘वन्सं, मागच्या खेपेला ओझ्यापायी माझा गुडघा आठ दिवस सुजला होता. भाच्यासाठी तुमच्या हातचा अर्धा किलो मसाला मी आनंदाने नेईन, बाकीचे या वेळी जमणार नाही,’ एवढे पुरे आहे. फोन लवकर करा, म्हणजे त्यांना उरलेले टपालाने पाठवायला वेळ मिळेल. मसाला त्यांच्या घरी जाऊन तुमच्यासमोर पिशवीत भरून घ्या, वर नाव लिहा आणि ती मोठ्या बॅगेत अगदी तळाशी ठेवा.